घाईराजाचं आवतण

एक होता राजा, आणि त्याला होती घाई. बाकीच्या राजांना सात सात राण्या असतात. याची राणी एकच, तीही बिचारी देवाघरी गेलेली. घाई मात्र सात राजांना पुरून उरेल एवढी. हसताय काय? पाय आत घ्या पांघरुणात. मुक्ता, तूसुद्धा. आणि ईशान, मध्ये मध्ये 'पुढे काय, पुढे काय' केलंस तर गोष्ट इथेच बंद, सांगून ठेवते.

तर राजाचं नाव होतं गजसिंह, पण अख्खा मुलूख त्याला घाईराजाच म्हणायचा. जेवायला बसला की पहिला घास तोंडात, आणि लगेच हात धुवायला पाणी मागायचा. देवळात गेला की घंटा वाजवायचा, आणि घंटेचा आवाज विरायच्या आत परत घोड्यावर. देवानं डोळे उघडून बघावं, तर हा गायब!

या राजाला एकच मुलगी. शेवंती तिचं नाव. पोर गुणी, हसरी, बापाच्या जिवाचा तुकडा. पण बापाला तिच्याजवळ दोन घटका बसायला सवड नव्हती. येता-जाता डोक्यावर टपली मारायचा, 'बरी आहेस ना?' म्हणायचा, आणि ती 'हो' म्हणेपर्यंत जिना उतरून गेलेला असायचा.

मग काय झालं, शेवंतीचं लग्न ठरलं. माघातला मुहूर्त धरला, दिवस मावळतानाचा. त्या राज्यात एक जुनी रीत होती, बरं का. राजाच्या घरी कार्य निघालं की पहिलं आवतण तीन गावांना. माळावरच्या धनगरांना, नदीकाठच्या नावाड्यांना आणि डोंगरातल्या दळणाऱ्या बायांना. आवतण म्हणजे आमंत्रण हो. ते असं उभ्या उभ्या देत नाहीत. घरी जायचं, बसायचं, गूळपाणी घ्यायचं, कुंकू लावायचं, अक्षता हातावर ठेवायच्या आणि म्हणायचं, 'या बरं सगळे, तुमच्याशिवाय शोभा नाही.'

राजा म्हणाला, "एवढा वेळ आहे कुणाला?" त्यानं बोलावलं रायाजीला. रायाजी हा राजाचा सांडणीस्वार. सांडणी म्हणजे उंटीण, आणि रायाजीची सांडणी वाऱ्याशी शर्यत लावायची. त्याला अक्षतांची पिशवी दिली आणि सांगितलं, "संध्याकाळच्या आत तिन्ही गावं उरकून ये."

उरकून! लग्नाचं आवतण काय उरकायची गोष्ट आहे? पण रायाजीनं उरकलं. माळावरून दौडत गेला, मूठभर अक्षता मेंढरांत भिरकावल्या. मेंढरं उधळली. नदीवर गेला, उतरला नाही, काठावरूनच ओरडला, "लग्नाला या!" आणि मूठ पाण्यात फेकली. डोंगरातल्या गावात तर लोकांची दारं बंद होती. यानं अक्षता दारांवर मारल्या आणि सांडणी वळवली. इकडे वाड्यातला भात शिजायच्या आत हा परत! राजानं त्याला सोन्याचं कडं दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंती उठायला गेली, तर पायच उचलेना. बघते तर दहाही बोटं दगडाची! गार, काळी, टणक. वैद्य आले, लेप झाले, शेक झाला. दगड तो दगडच. आणि दुपारपर्यंत तो तळव्यापर्यंत चढला.

शेवटी वेशीवरच्या देवीची म्हातारी गुरवीण काठी टेकत आली. तिनं शेवंतीचे पाय चाचपले आणि राजाकडे बघितलं. म्हणाली, "राजा, अन्न मातीत फेकलंस आणि माणसं ओलांडून गेलास. वेशीवरची देवी रुसली. आता त्या तिन्ही गावांचे पाहुणे आपल्या मनानं चालत तुझ्या वेशीत यायला हवेत. शेवटचा पाहुणा आत येईल तेव्हा पोर मोकळी. आणि मुहूर्ताच्या दिवशी सूर्य बुडेपर्यंत नाही आले, तर दगड डोक्यापर्यंत जाईल आणि मग कायमचाच."

मुहूर्त होता दहा दिवसांवर. राजा ओरडला, "रायाजी! सांडणी काढ! आत्ताच्या आत्ता पुन्हा जा!"

तेवढ्यात माजघरातून आवाज आला, "थांब रे गजा! एकदा तोंड पोळलं तरी अजून घाईच?"

कोण बरं ही, राजाला 'अरे गजा' म्हणणारी? ती त्याची थोरली बहीण, शेवंतीची येसूआत्या. अंगानं भरलेली, गुडघ्यानं दुखरी आणि अख्ख्या राजवाड्यात सगळ्यात सावकाश. कुणाकडे हळदीकुंकवाला गेली की 'येते हं' म्हणायची, उठायची, उंबऱ्यात उभी राहायची आणि तिथे आणखी तासभर बोलायची. राजा तिला वैतागायचा. पण शेवंतीचा तिच्यावर भारी जीव. आत्या म्हणाली, "मी जाते. छकड्यानं जाते. आणि हा सांडणीवालाच बैल हाकेल, म्हणजे याला कळेल आवतण कसं देतात."

मग निघाली आत्या! कुंकवाचा करंडा, पानसुपारीची चंची, अक्षतांचा डबा आणि वाटेत तोंडात टाकायला लाडू. निघताना शेवंतीच्या दगडी पायांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "घाबरू नकोस गं माझे बाई. मी पोहोचते सगळीकडे." राजानं एक राघू सोबत सोडला. बोलका पोपट हो. रोज येऊन सांगायचं, दगड कुठवर चढला.

पहिलं आलं माळावरचं गाव. दुपारची वेळ. कुणी 'या' म्हणेना. बाया पाठ फिरवून बसल्या. रायाजीनं खाली मान घातली. आत्या उतरली, 'हुश्श' केलं आणि लोकर कातत बसलेल्या एका म्हातारीशेजारी जाऊन बसली. म्हातारीच्या हातात टकळी गरागरा फिरत होती. आत्या बघत बसली. मग म्हणाली, "मला जमेल का हो?" आणि घेतली की हातात! पहिला धागा तुटला. दुसरा तुटला. तिसरा दोऱ्याऐवजी दोरखंडच निघाला! सगळ्या बाया फिदीफिदी हसल्या. हसल्या म्हणजे काम झालंच की निम्मं.

म्हातारी म्हणाली, "पाहुणे, आवतण आणलंय व्हय? पण आमच्यात ते आधी माणसाला नाय देत. आधी कळपाच्या म्होरक्याला."

म्होरक्या म्हणजे सगळ्यांत पुढे चालणारा एडका, एवढाल्या वळलेल्या शिंगांचा! तो दिवस कलल्यावर यायचा. तोवर थांबणं आलं. तेवढ्यात राघू आला, "आत्या, दगड गुडघ्यापर्यंत! लवकर!" आत्यानं माळाच्या टोकाकडे बघितलं. पण ती म्हणाली, "सांग, निघालेच." आणि पुन्हा टकळी घेतली.

मग घणघण घणघण घंटा वाजली आणि माळ पांढराशुभ्र झाला. हजार मेंढरं! पुढे तो एडका. आत्या त्याच्यासमोर उभी राहिली. भीती वाटली हो, खोटं कशाला सांगू? पण तिनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, ओंजळीत अक्षता धरल्या आणि म्हणाली, "महाराज, भाचीचं लग्न आहे. मागच्या वेळी चुकलं. या बरं." एडक्यानं हुंगलं. डावीकडून हुंगलं, उजवीकडून हुंगलं. आणि मग तो चक्क बोलला, "येतो." तेवढंच! एडके काही फार बोलत नाहीत. मग काय, ढोल बाहेर आले! धनगरांचा कारभारी सिदूआबा पागोटं बांधून नाचायला लागला. आत्यानं बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं खाल्लं आणि म्हणाली, "अगं बाई, इतकी वर्षं हे इथेच होतं आणि मला कुणी सांगितलं नाही!"

पुढे आली नदी. माघातही दुथडी भरलेली, पलीकडचा काठ पुसट. आत्या जन्मात कधी नावेत बसली नव्हती. नावाड्यांची कारभारीण होती तानूबाई. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आमच्यात काठावर आवतण घेत नाहीत. मध्यावर चला. नदी साक्षीला पाहिजे." आत्या चढली नावेत. नाव एका बाजूला अशी कलली! तानूबाई म्हणाली, "बाई, लाडू जरा कमी खावेत." आत्या म्हणाली, "आता खाल्लेत ते खाल्लेत, चल!" आणि दोघी खो खो हसत सुटल्या.

मध्यावर गेल्यावर आत्यानं नदीची ओटी भरली. खण, नारळ, हळदकुंकू पाण्यात सोडलं. आणि ऐका हं, नदी थांबली! एवढी मोठी वाहती नदी, ती एका क्षणात थांबून ऐकायला लागली. पाण्यात एक तरंग नाही. आत्यानं आवतण सांगितलं. आणि खालून वर आलं एक कासव, परातीएवढं मोठं, पाठीवर शेवाळ, डोळे म्हातारे. म्हणालं, "मलाही का?"

आत्या म्हणाली, "म्हणजे काय! तुमच्याशिवाय शोभा नाही."

तानूबाईनं हात जोडले. "हा आमचा मूळपुरुष. हा पुढे चालणार आणि आम्ही मागून. याला ओलांडून आम्ही कधी जात नाही."

रायाजीनं कपाळावर हात मारला. "आत्याबाई! कासवाच्या मागून? चार दिवसांत? मेलो!" वरून राघू आला, "दगड कमरेपर्यंत! लवकर!" आत्यानं कासवाकडे बघितलं. पण दिलेलं आवतण मागे घेतात का कुठे? ती म्हणाली, "रायाजी, तू यांच्यासोबत राहा. वाट दाखव. आणि खबरदार, कुणाला 'चला चला' म्हणालास तर." आणि पठ्ठ्या राहिला! ज्याची सांडणी वाऱ्याला हरवायची तो कासवाच्या मागून एक एक पाऊल टाकायला लागला. पहिल्या दिवशी रडकुंडीला आला. दुसऱ्या दिवशी त्याला वाटेवरच्या झाडांची नावं विचारावीशी वाटली. तिसऱ्या दिवशी तो नावाड्यांची गाणी म्हणत होता.

आत्या एकटीच छकडा हाकत डोंगरात गेली. बैलांना 'बाबांनो, चला' म्हणत. पोहोचली तर नववा दिवस उजाडलेला. गावात घरोघरी जाती फिरत होती, घरघर घरघर, आणि बायांच्या ओव्या चालल्या होत्या. तेवढ्यात राघू खांद्यावर पडला, पार दमलेला. "आत्या, दगड गळ्यापर्यंत. शेवंतीताई बोलायची थांबली."

आणि मग, पोरांनो, आत्या घाबरली. जन्मभर सावकाश चाललेली आत्या धावायला लागली. पहिल्या दारात उभ्यानंच म्हणाली, "लग्नाला या हं!" दुसऱ्या दारात, "या हं!" तिसऱ्या दारात तर तोंडातून शब्दसुद्धा पुरता फुटला नाही. तशी सगळ्या गावातली जाती एकदम थांबली. धाड, धाड, धाड, दारं लागली. तीसुद्धा शेवटी राजाचीच बहीण ना! तिनंही तेच केलं.

आत्या रस्त्यात मातीत बसली आणि ढसाढसा रडली. "माझी पोर दगड होतेय गं! माझ्या आईवेगळ्या पोरीला मी वाढवलंय गं!"

एक दार किलकिलं झालं. एक बाई बाहेर आली, भागा नाव तिचं. म्हणाली, "अगं, मग हे आधी नाही का सांगायचं? दारात उभं राहून का कुणी एवढं मोठं दुःख सांगतं? ये, आत ये, पाणी पी." आत नेलं, गूळपाणी दिलं, पदरानं तोंड पुसलं. मग जात्याला हळकुंड आणि आंब्याची डहाळी बांधली. त्या गावची रीतच तशी. लग्नाची हळद तिथल्या बाया दळायच्या आणि आवतण आणणारीनं त्यात एक ओवी घालायची. मनाची, कुणाची उसनी नाही. आत्यानं खुंटा धरला. जातं फिरायला लागलं आणि तिच्या तोंडून आपोआप आलं,

"दळता दळता बाई, हात माझा गं थांबेना,
भाचीचं पाऊल, उंबऱ्यातून हलेना..."

एकेका दारातून बाया आल्या. ओवीला ओवी लागली. जातं कुणीच ओढत नव्हतं आणि तरी ते फिरत होतं! हळद उडाली, सगळं घर पिवळं झालं, आत्याचे केस पिवळे, भागाचं नाक पिवळं! भागा म्हणाली, "चला गं, डोंगर उतरला की राजधानी. पोरीची हळद पोरीला लावून येऊ."

इकडे राजधानीत दहावा दिवस. शेवंतीला मांडवात उभी केली होती. नुसता चेहरा उरलेला, ओठही गारठलेले. नवरामुलगा तिच्याशेजारी मांडी घालून बसलेला, उठायला तयार नाही. चांगला होता हो मुलगा. राजा वेशीवर येरझाऱ्या घालत होता. सूर्य कलला. आणि धूळ दिसली! ढोल वाजले, घंटा वाजल्या, ओव्या ऐकू आल्या. एका बाजूनं हजार मेंढरं, दुसऱ्या बाजूनं पिवळ्याधमक बाया आणि मधोमध सगळे नावाडी, एका कासवाच्या मागून!

राजा ओरडला, "आले! चला, आत चला, लवकर!"

आणि सगळे वेशीवर थांबले.

सिदूआबा म्हणाला, "राजा, आम्ही चालत आलो. पायांवर धूळ आहे. यजमानानं पाय धुतल्याबिगर आम्ही कुणाच्या वेशीत शिरत नाही."

नोकर पाट आणि घंगाळी घेऊन धावले. भागानं विचारलं, "यजमान हे का?" नोकर मागे सरले. राजानं आकाशाकडे बघितलं. सूर्य डोंगराला टेकायला कासराभर उरला होता. समोर तीन गावांचे पाय. त्यानं मुकुट उतरवला, जमिनीवर बसला आणि धुवायला लागला. कसा? भसाभस! एका पायावर पाणी, दुसऱ्याला पुसणं. आत्या कडाडली, "गजा! भांडी विसळतोयस का?"

राजाचे हात थांबले. डोळ्यांत पाणी आलं. त्यानं पुढचा पाय हातात घेतला. टकळीवाल्या म्हातारीचा होता. टाच भेगाळलेली. राजानं ती बघितली आणि हळूच विचारलं, "आजी, दुखतं का हो?" म्हातारी म्हणाली, "दुखतं की. पण पोरीच्या लग्नाला यायचं होतं." राजानं ती टाच हलकेच पुसली. मग त्यानं एकेक पाय धुतला. नाव विचारलं, गाव विचारलं, कुणाच्या पायात काटा होता तो काढला. कुणी माळावरची गंमत सांगितली, तर राजा रडता रडता हसला. त्यानं पुन्हा वर आकाशाकडे बघितलंच नाही. एडक्याचे चार खूर धुतले. तानूबाईचे धुतले. भागाचे धुतले, तर पाणी पिवळं झालं.

शेवटी राहिलं कासव. म्हातारा एक पाय उचलणार, मग दम खाणार, मग दुसरा. राजानं चारही पाय धुतले, पुसले आणि म्हणाला, "सावकाश या, आजोबा." कासव वेशीच्या आत गेलं आणि सूर्य बुडाला.

ढोल थांबले. वेळेवर झालं की नाही, कुणालाच कळेना. राजाची मान वर करून मांडवाकडे बघायची छाती होईना. तो तसाच खाली बघत बसला. पाटावर आणखी दोन पाय येऊन टेकले. कुणीतरी मागे राहिलेलं असेल, त्याला वाटलं. त्यानं पाणी घेतलं. तरुण पाय होते, मऊ, ऊन ऊन. डाव्या अंगठ्यापाशी इवलासा तीळ होता. राजानं तो नीट बघितला. असा तीळ त्यानं कधी कुणाच्या पायावर बघितला नव्हता. पाय पुसत पुसत त्यानं विचारलं, "तुम्ही कुठल्या गावच्या हो, बाई?"

वरून आवाज आला, "इथलीच आहे, बाबा."

मग काय विचारता! राजानं तेच पाय छातीशी धरले आणि तो लहान मुलासारखा रडला. शेवंती खाली वाकून त्याचे डोळे पुसत होती. आत्या दोघांना ओरडत होती आणि स्वतःही रडत होती. मग ती हळद लागली, अक्षता पडल्या, लग्न झालं. पंगती उठायला महिना लागला, कारण कासव अजून पहिल्याच लाडवावर होतं. शेवंती सुखात राहिली, राजा सुखात राहिला, तिन्ही गावं सुखात राहिली. आणि त्या मुलखात आजही कुणी कुणाला दारातनं 'येते हं' म्हणालं, तर खुशाल तासभर जाऊ देतात.

झाली गोष्ट. राजा निजला, एडका निजला, आता तुम्ही निजा. काय म्हणालास ईशान, कासव घरी कधी पोहोचलं? ते अजून वाटेत आहे. त्याला गडबड करू नका आणि मलाही. मिटा डोळे.